जास्तीचा ओ

१

बोईसरात शांत खोली शोधायची म्हणजे मासळी बाजारात अत्तराचं दुकान शोधायचं, हे रिद्धी तामोरेला आता पुरतं कळून चुकलं होतं. पहिली खोली मिळाली ती एका क्लासच्या वरच्या मजल्यावर. खाली मुलं पाढे ओरडत. दुसरी मिळाली ती कारखान्यांच्या वसाहतीत, एका बंद ऑफिसात. तिथे शेजारच्या कंपनीचा कॉम्प्रेसर दम्याच्या रोग्यासारखा दिवसभर धापा टाकी. तिसऱ्या खोलीत सगळं ठीक होतं, पण भिंतीपलीकडे लग्नाच्या बॅण्डवाल्यांची तालीम निघाली. दर वेळी रिद्धी आवाजांचे नमुने पुण्याला पाठवी आणि दर वेळी तिकडून तिचे वरिष्ठ निमेश सर फोन करून तेच सांगत, मागे गोंगाट आहे, पुन्हा घ्या. जणू काही गोंगाट तिनेच पाळला होता.

काम ऐकायला सोपं होतं. इंग्रजी बोलणाऱ्या, धडधाकट, प्रौढ माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे. निरनिराळ्या देशांत हेच चाललं होतं आणि आपल्याकडचा थोडा वाटा रिद्धीच्या गळ्यात पडला होता. माणसाला खुर्चीत बसवायचं, तोंडापासून वीतभर अंतरावर माइक ठेवायचा. आधी त्याने एका दमात जमेल तितका वेळ 'आ' धरायचा, मग इंग्रजी उतारा वाचायचा, मग एका चित्राबद्दल मनाने काहीतरी बोलायचं. पुढचं संगणक मोजी. स्वर किती उंच, त्यात थरथर किती, बोलण्याचा वेग काय, माणूस कुठे थांबतो आणि किती थांबतो. पुढेमागे नुसत्या आवाजावरून आजार ओळखायचे, असा मोठ्या लोकांचा मोठा बेत होता.

घोळ असा की परदेशात घडवलेलं ते यंत्र आपल्या माणसाचं इंग्रजी ऐकलं की त्याला सरळ आजारी ठरवायचं. आपण शब्द आठवायला थांबतो, समोरच्याचा मान राखायला थांबतो. यंत्राला वाटे, याच्या मेंदूत काहीतरी बिघडलंय. रिद्धीने सुरुवातीला गंमत म्हणून स्वतःचा आवाज त्याला ऐकवला, तर त्याने तिलाही 'संशयास्पद' म्हणून बाजूला काढलं. दांडीच्या मच्छीमाराची पोर, वाचा आणि श्रवण यांची पदवी घेऊन आलेली, वर्गात पहिली. तिला ते असं झोंबलं की तिने त्याच दिवशी ठरवलं, या यंत्राला आपली माणसं निरोगी आहेत हे कबूल करायला लावल्याशिवाय गप्प बसायचं नाही. नमुने पास झाले तर पुण्यात कायमची जागा मिळणार होती, ती गोष्ट वेगळीच.

रोज काम सुरू करण्याआधी माइक नीट चालतोय ना, हे बघायला ती स्वतः 'आ' धरी आणि तो उतारा एकदा वाची. त्यामुळे संगणकाला सगळ्यात जास्त ओळखीचा आवाज कोणाचा असेल, तर तो तिचाच होता.

२

चौथी खोली तिला घरच्या गावातच मिळाली. दांडीला खाडीच्या तोंडाशी बर्फाचा एक जुना कारखाना बंद पडून होता. बोईसरहून गाड्या भरून बर्फ यायला लागल्यावर इथली यंत्रं थंडावली ती कायमची. पण बर्फाच्या लाद्या ठेवायची कोठी तशीच शाबूत होती. दुहेरी भिंती, मधे ठासून भरलेला लाकडाचा भुसा, गादीएवढं जाड दार. दार ओढून घेतलं की कानांत दडे बसल्यासारखं होई आणि समुद्र, रिक्षा, कुत्री, सगळं एकदम पुसलं जाई. रिद्धीने आत उभं राहून आवाजाचा मापक लावला तर रेघ तळाला जी चिकटली ती हललीच नाही. तिला इतका आनंद झाला की तिने त्या ओलसर, जुन्या मिठाचा वास येणाऱ्या भिंतीवर चक्क थाप मारली.

कारखाना कमलाकांतकाकांचा. त्यांनी भाडं नको म्हटलं, किल्ली दिली आणि जाता जाता एवढंच म्हणाले की आमी बरफ काढताना आत कोनी बोलत नसू. का म्हणून विचारलं तर खांदे उडवले. तशी रीत होती, बापाच्या वेळेपासून. रिद्धी हसली. तिचा तर धंदाच बोलण्याचा होता.

पहिला माणूस आला तो बन्सी वानखेडे. मूळचा वर्ध्याकडचा, एका औषध कंपनीत शिफ्टचा प्रमुख, मोठा सज्जन आणि भिडस्त. बोईसरहून इतक्या लांब यावं लागलं म्हणून त्याने रिक्षावाल्याला चार शब्द सुनावले, रिद्धीला मात्र एकही नाही. त्याचा 'आ' उत्तम लागला. उतारा वाचायला घेतला, निम्म्यावर आला आणि वाक्याच्या मधेच थांबला. मान किंचित कलती करून त्याने रिद्धीकडे बघितलं, दोनदा होकारार्थी मान हलवली आणि मग पुढचं वाचलं.

संपल्यावर तिने विचारलं, मधे का थांबलात, शब्द अडला का?

बन्सी संकोचला. "नाही मॅडम, तुम्ही बोलून राहिल्या होत्या ना. मधात कसं बोलायचं?"

रिद्धी म्हणाली, मी तर काहीच बोलले नाही. तो हसला, त्याला वाटलं मॅडम थट्टा करताहेत. मी काय म्हणाले, असं तिने खोदून विचारलं तेव्हा मात्र तो डोकं खाजवू लागला. ते ध्यानात नाही राहिलं म्हणाला. पण बरंच बोललात.

३

एकाचं झालं असतं तर तिने सोडून दिलं असतं. शिफ्ट करून आलेला माणूस, पेंगला असेल. पण दुसऱ्या दिवशी इंग्रजी शाळेतल्या प्रतीक्षा टीचर आल्या, नाशिकच्या, फाडफाड बोलणाऱ्या. त्याही निम्म्यात थांबल्या, मान कलती करून ऐकलं, मान हलवली, पुढे वाचू लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, तुम्हीच बोलत होतात की. त्यानंतरचा आला, त्याचंही तेच. कोणी उताऱ्यात थांबे, कोणी चित्राचं वर्णन करताना, पण थांबे प्रत्येक जण, आणि ज्याला त्याला वाटे की आपण केवळ सभ्यपणा केला.

रिद्धीने हेडफोन लावून ते थांबे पुन्हापुन्हा ऐकले. आत काहीही नव्हतं. साधा श्वाससुद्धा नव्हता.

मग निमेश सरांचा फोन आला. यावेळी गोंगाट नाही, त्याबद्दल अभिनंदन, पण प्रत्येक नमुन्यात दुसरा माणूस बोलतोय, असं त्यांनी कोरड्या आवाजात सांगितलं. तुम्ही मधे सूचना देताय. हे नियमात बसत नाही. रिद्धीने शपथेवर सांगितलं की ती तोंड उघडत नाही. तेव्हा सर म्हणाले, यंत्राने त्या आवाजाची तुलना केली आहे. तो रोज सकाळी उतारा वाचणाऱ्या बाईंचा आवाज आहे. म्हणजे तुमचा. यंत्र खोटं बोलेल का?

हेच यंत्र तुम्हा-आम्हाला आजारी म्हणत होतं, ते विसरलात वाटतं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी. तिने फोन ठेवला. आधी गोंगाट होता म्हणून नको, आता शांतता आहे म्हणून नको.

संध्याकाळी तिने ते थांबे पडद्यावर मोठे करून पाहिले. कानाला ऐकू न येणारी एक फिकट रेघ होती खरी. स्वराची उंची दाखवणारी रेघ, जी फक्त माणसाचा गळा चालू असला तरच उमटते. बन्सीच्या नमुन्यात ती आखूड होती. प्रतीक्षा टीचरांच्या नमुन्यात लांब. दर माणसागणिक ती लांबत चालली होती.

रिद्धी घाबरली नाही, चिडली. जुनी फाइल पुसली गेली नसेल, तिचा सकाळचा आवाज खाली उरत असेल. तिने नवं कार्ड घातलं. हेडफोनमधून गळत असेल. तिने हेडफोन काढून ठेवला. तरी रेघ होतीच. शेवटी अणुवीज केंद्रातला मनीष यायच्या वेळी तिने स्वतःच्या तोंडाला घट्ट रुमाल बांधला आणि खुणेनेच त्याला वाचायला सांगितलं. म्हटलं, आता बघू कोण माझ्यावर आळ घेतो ते.

मनीष वाचता वाचता थांबला. रुमाल बांधलेल्या रिद्धीकडे बघत त्याने अदबीने कागद खाली ठेवला.

"मॅडम, पहले आप बोल लीजिए," तो म्हणाला, "मैं रुकता हूँ।"

आणि तो थांबला. हात मांडीवर ठेवून, मान कलती करून, भल्या माणसासारखा थांबून राहिला. त्या गादीएवढ्या दाराआड रिद्धी त्याचं ऐकणं बघत बसली.

४

घरी पोचल्यावर फाटकातूनच "आये, मी गं" म्हणायची तिची लहानपणापासूनची सवय. आतून "ये" आलं की मगच चप्पल काढायची. हल्ली त्या हाकेला जास्त अर्थ आला होता, कारण आईच्या, काशीबाईंच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरचं माणूस त्यांना सावलीइतकंच दिसे. बाकी सगळा कारभार कानांवर. पण कान असे की कोणाची बोट खाडीत शिरली ते इंजिनाच्या ठोक्यावरून सांगत, आणि पोराचं पोट दुखतंय की तो नुसता लाडात आलाय, ते रडण्यावरून.

म्हणून थंडीत धुकं पडलं की काठावर हाक घालायचा मान गावाने त्यांनाच दिला होता. धुक्यात खाडीचं तोंड दिसत नाही. बोट बाहेर थांबते. काठावरून बाई 'होऽऽ' अशी लांब हाक घालते आणि बोटीवरचा एकेक जण आपापल्या जागेवरून 'ओ' देतो. त्या 'ओ'वरून काठावरच्या बाईला बोट कुठे आहे ते कळतं, बोटीला काठ कळतो, आणि गेलेली सगळी माणसं आली हेही कळतं. चौघे गेले असतील तर चार ओ. रिद्धीचा धाकटा भाऊ दिपेश आता स्वतः बोट काढत होता, त्यामुळे धुक्याच्या दिवसांत रिद्धी आईला हाताला धरून काठावर नेई.

त्या संध्याकाळी काशीबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत होत्या. रिद्धीने दिवसभराची मळमळ ओकायला म्हणून खोलीतला सगळा प्रकार सांगितला. जरा चेष्टेच्या सुरातच सांगितला. आई हसेल असं तिला वाटलं होतं. काशीबाईंचे हात थांबले.

"इचारलंस काय तू, कोन म्हनून?"

"कोणाला विचारू? तिथे कोणी नाही."

"नाय इचारलंस ना? मंग इचारू नको." त्यांनी बोंबलाचा वाटा बाजूला सारला. "कवाकवा धुक्यात एक ओ जास्तीचा येतो, रिद्दे. मी दोनदा ऐकलाय. तवा तोंड मिटून घ्यायचं. ऊन पडेपातूर एक शबूद नाय. जास्तीच्या आवाजाला कोन म्हनून इचारायचं नाय. इचारलं का त्याला जागा दिली."

कसली जागा, असं रिद्धीने विचारलं. काशीबाई पुन्हा बोंबील निवडू लागल्या. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं होतं.

रिद्धीला आईचा राग आला नाही, पण कीव आली, आणि ते जास्त वाईट. पदवीच्या तीन पुस्तकांत जे मावतं ते आणि ओट्यावर जे सांगितलं जातं ते, यांतलं काय धरायचं हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

५

सरांचा शेवटचा फोन अगदी मवाळ होता. त्या मवाळपणानेच तिचं पित्त खवळलं. ते म्हणाले, रिद्धी, मी तुमच्या बाजूचा आहे. दुसरा आवाज कोणाचा ते तुम्ही शोधून काढा आणि मला कळवा. नाहीतर तुमचं पालघरचं केंद्र बंद करण्यावाचून माझ्याकडे इलाज नाही, आणि मग पुण्याच्या जागेचं काय ते तुम्ही समजून घ्या.

म्हणजे काशीबाई म्हणत होत्या विचारू नको आणि निमेश सर म्हणत होते विचारा. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मधे उभी असलेली रिद्धी महिनोन्महिने ज्याच्या-त्याच्याकडून ऐकून घेऊन विटली होती.

दुपारी तीन वाजता, बाहेर लख्ख ऊन असताना, ती एकटीच कोठीत गेली. दार ओढून घेतलं. माइक लावला, हेडफोन चढवला, पडदा समोर ठेवला आणि खुर्चीत स्वतः बसून उतारा वाचला. सबंध वाचला. कुठेही काही झालं नाही. रेघ तिच्यासोबत वर गेली, तिच्यासोबत खाली आली. तिला हसू आलं आणि त्या हसण्याबरोबरच सगळा संताप वर उसळला. ज्याच्यापायी तिला खोटारडी ठरवलं गेलं, तो आता तिच्यापुढे गप्प होता.

"कोण आहे?" ती म्हणाली. मग मोठ्याने, घरच्या बोलीत, "कोन हाय? बोल ना. माजा आवाज घेऊन बोलतंस, तर माज्यासमोर बोल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पडद्यावरची रेघ तळापासून सुटली आणि हळूहळू वर आली. हेडफोनमध्ये कोणीतरी 'आ' धरला. तिचाच आवाज. सकाळी ती धरायची तसाच, त्याच उंचीवर. रिद्धीने नकळत स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवली. गळा स्तब्ध होता.

तिला वाटलं, आता संपेल. निरोगी माणसाचा दम फार तर किती पुरतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? पण तो 'आ' संपेना. आणि त्याच्या थरथरीचा आकडा जिथे दिसतो तिथे शून्य होतं. माणसाचा कितीही चांगला गळा घ्या, त्यात थोडी थरथर असतेच. रक्त असतं, श्वास असतो, म्हणून ती असते. या आवाजात ती नव्हती. तो नुसता सरळ येत होता, दमायची गरजच नसल्यासारखा.

तिने हेडफोन ओढून काढला. खोलीत पूर्ण शांतता होती. दाराचा दांडा तिला दोनदा हिसकावा लागला. बाहेर ऊन तसंच होतं आणि खाडीच्या काठी कोणीतरी जाळं शिवत बसलं होतं. ती धावत सुटली नाही. लोक काय म्हणतील म्हणून चालतच घरी गेली.

६

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणावं तसं. उरलेली माणसं आली, त्यांनी 'आ' धरला, उतारा वाचला, शब्द आठवायला थांबले तेवढेच थांबले. कोणी मान कलती केली नाही. निमेश सरांनी स्वतःहून फोन केला. नमुने अप्रतिम आहेत, दुसरा आवाज कुठेही नाही, यंत्रानेही ही सगळी माणसं निरोगी मानली आहेत. पुण्याच्या जागेचं पत्र महिनाअखेर निघेल. ज्या दिवसाची रिद्धीने इतकी वाट पाहिली होती तो दिवस आला आणि तिला त्याचं काहीच वाटेना.

सर शेवटी सहज म्हणाले, एकच किरकोळ गोष्ट. सकाळचा उतारा हल्ली दुसरं कोणी वाचतं का? यंत्र म्हणतं, वाचणारी व्यक्ती बदलली आहे.

मीच वाचते, रिद्धी म्हणाली. सर म्हणाले, हॅलो? आवाज येत नाहीये. तिने पुन्हा सांगितलं. हॅलो, हॅलो करत त्यांनी फोन ठेवला.

नाक्यावर ती "एक चहा" म्हणे आणि चहावाला तिच्या मागच्याला चहा देई. रिक्षात "इथेच थांबवा" म्हटलं तरी रिक्षा पुढे जाई. तिने बोईसरला जाऊन घसा दाखवला. डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं, म्हणाले, उत्तम आहे, एकदम निरोगी. ते शब्द ऐकून तिला रडावंसं वाटलं.

खरं तर तिचा आवाज बसला नव्हता. तिचं तिला स्वच्छ ऐकू येत होतं. तक्रार वेगळी होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. बोलायला तोंड उघडलं की तिला वाटे, आत्ता कोणीतरी बोलतंय, त्याचं होऊ दे, मग आपण बोलू. काही ऐकू येत नसे. तरी ती थांबे. मोठ्या माणसांच्या मधे बोलू नये, हे लहानपणी अंगात भिनवलेलं असतं, तसं.

एका संध्याकाळी तिने फाटकातून "आये, मी गं" म्हटलं. आतून 'ये' आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. काशीबाई भिंत चाचपत दारात आल्या आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"कोन, शेजारची रखमाबाय काय? रिद्दी आत्ताच आली. आत हाय, कवाधरनं बोलते हाय माज्याशी."

रिद्धी ओट्यावर चढली आणि आईला बाजूला सारून आत गेली. माजघरात दिवा लागला होता. स्वयंपाकघरात चुलीवर चहा उकळत होता आणि पाटावर दोन कप मांडलेले होते. कोणी नव्हतं. ती बाहेर आली, तिने आईचा हात घट्ट धरला, तेव्हा काशीबाईंनी तिच्या हातातली बांगडी चाचपली आणि म्हणाल्या, "असा कसा हात गार पडला गं तुजा? आताच तर बरी होतीस." रिद्धीने आईला मिठी मारली. बोलायची मात्र तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने कोठीची किल्ली कमलाकांतकाकांना परत केली. काकांनी ती घेतली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, तुजं काम झालं ना? तिने मान हलवली. झालं होतं.

७

पौषात धुकं पडलं ते असं की स्वतःच्या पायाची बोटं दिसेनात. उजाडायच्या आधी दिपेशची बोट परत यायची होती. त्याच्यासोबत जिवल्या आणि आणखी दोघं. इतर बोटी आदल्या दिवशीच आल्या होत्या, त्यामुळे काठावर फक्त मायलेकी. रिद्धीने आईला हाताला धरून ओल्या वाळूवरून पाण्याच्या कडेला आणलं. तिने पिवळी ओढणी डोक्यावरून घट्ट लपेटली होती. गेले काही दिवस ती घरात फारसं बोलतच नव्हती. आई एकटीच बोले, अधूनमधून थांबून मान हलवे आणि मग पुन्हा बोले. रिद्धीने आपण त्या थांब्यांकडे बघत नाही असं ठरवलं होतं.

खूप वेळाने, फटफटायला लागल्यावर, इंजिनाचा ठोका आला. मग तो बंद झाला. बोट खाडीच्या तोंडाशी थांबली होती.

काशीबाईंनी हाक घातली, "होऽऽ".

पहिला ओ बोटीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून आला, जिवल्याचा. मग मधल्या दोघांचे. शेवटचा सुकाणूवरून, दिपेशचा, झोपेने जडावलेला. चार झाले. रिद्धीने सुटकेचा निःश्वास सोडला. चारच. ती आईचं मनगट धरून मागे वळणार, तोच तिच्या लक्षात आलं की काशीबाई हलत नाहीत.

त्यांनी मान किंचित कलती केली होती.

रिद्धीला काहीही ऐकू येत नव्हतं. पाणीसुद्धा वाळूवर आवाज न करता येत होतं. तिला वाटलं, आता आई तोंड मिटून घेईल. जास्तीचा ओ ऐकल्यावर तोंड मिटायचं, हे या काठावर हिच्याइतकं कोण पाळतं? पण काशीबाईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्या माणसाचा आवाज ऐकल्यावर येतं ते हसू होतं. त्यांनी दोनदा मान हलवली.

"तू बोटीवर कवा गेलीस गं?" त्या धुक्याकडे बघत म्हणाल्या. "ये, ये. संबाळून उतर."

आणि मग ते हसू हळूहळू मावळलं, कारण आपल्या मनगटावर कोणाचा तरी हात आहे हे त्यांना आठवलं होतं.

धुकं क्षणभर विरळ झालं. बोटीची नाळ वाळूला लागली होती. दिपेश गुडघाभर पाण्यात उभा राहून वर हात करत होता. बोटीच्या काठावरून कोणीतरी तो हात धरला. धरणाऱ्याच्या हातावरून खाली लोंबणारा पिवळ्या ओढणीचा पदर रिद्धीला दिसला, आणि पुन्हा सगळं पांढरं झालं.

"ताय, संबाळून," दिपेशचा आवाज आला.

आता बोलायलाच हवं होतं. रिद्धीला कळत होतं की आत्ता नाही बोललं तर पुन्हा कधीच नाही. तरी ती थांबली, एक श्वासभर, कोणाचं तरी बोलणं संपायची वाट बघत. मग सगळा जीव गोळा करून तिने म्हटलं, "आये, मी गं."

काशीबाईंना ते ऐकू आलं. त्यांचं सगळं अंग शहारलं. त्यांनी शेजारच्या सावलीकडे तोंड वळवलं नाही, आणि कोण म्हणून विचारलंही नाही. आपल्या मनगटावरची बोटं त्यांनी एकेक करून, हळूच, न दुखावता सोडवली.

मग त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि ऊन पडायची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या.